‘सर्व धावतात, पण एकालाच बक्षीस’: हे वचन आजीला कसे समजावून सांगावे?

नगरचा_धावपटू यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चच्या तरुण संघाने पुढील महिन्याच्या सभेसाठी ‘विश्वासाची धाव’ हा विषय ठरवला असून, मी रोज पहाटे भिंगारच्या रस्त्याने धावतो एवढ्याच पात्रतेवर तिथे पंधरा मिनिटे बोलण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे. काम सोपे वाटले होते, कारण बायबलमधले उतारे लहानपणापासून कानावरून गेलेले आहेत: करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय, फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा, इब्री लोकांस पत्राचा बारावा, आणि तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी आलेले ‘धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे’ हे शब्द, जे आमच्या दफनभूमीत एका ओळीत चार थडग्यांवर तरी कोरलेले आहेत. टिपणे काढायला बसल्यावर मात्र दोन ठिकाणी अडलो.

पहिली अडचण अशी की करिंथकरांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, शर्यतीत सगळे धावतात पण बक्षीस एकालाच मिळते, म्हणून ते तुम्हांला मिळेल असे धावा. ख्रिस्ती जीवन ही जर एकमेकांविरुद्धची शर्यत असेल, तर मग ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे त्याच पौलाचे सांगणे कुठे बसवायचे? रविवार शाळेत आमची वचने पाठ म्हणण्याची स्पर्धा होत असे आणि सलग तीन वर्षे मी दुसरा आलो. त्या तीन वर्षांत मी वचने किती शिकलो ते आठवत नाही, पण पहिल्या येणाऱ्या मुलाचा राग किती आला ते अजून आठवते.

दुसरी अडचण घरातली आहे. आजीला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू तेव्हापासून गेली आहे. परवा संध्याकाळी मी तिला टिपणे वाचून दाखवली, तेव्हा डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे एकेक करून सरळ करीत (व्यायाम म्हणून तिला हे दिवसातून चार वेळा करायला सांगितले आहे) तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “छान आहे. पण मी कुठली रे आता धावायची?” मला उत्तर सुचले नाही. सभेला तिच्यासारखे आणखी पाचसहा जण तरी असतील. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

ग्रीक_वाचक यांचे उत्तर:

तुमची पहिली अडचण खरी आहे, पण ती वचन एकटे उचलल्यामुळे निर्माण झालेली आहे, असे मला वाटते. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण ही उपमा पौलाने हवेतून काढलेली नाही.

करिंथच्या पूर्वेला, दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या भूपट्टीवर इस्थमिया नावाचे ठिकाण होते आणि तिथे पोसायडन या समुद्रदेवतेच्या सन्मानार्थ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या खालोखाल ज्या खेळांचे नाव घेतले जाई, त्यांपैकी हे एक. पौल करिंथात दीड वर्ष राहिला, आणि बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ज्याच्यासमोर त्याला उभे केले गेले तो रोमी सुभेदार गल्लियो तिथे कधी होता हे डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून इसवी सन ५१–५२ च्या सुमाराचे ठरते. म्हणजे पौल गावात असताना हे खेळ झाले असण्याचा संभव पुष्कळ आहे. तो तंबू बनवणारा होता आणि खेळांना आलेल्या गर्दीला तंबू लागतच असणार, तेव्हा त्याने तिथे धंदाही केला असेल, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्कच आहे, पण मला तो आवडतो. त्याने पत्रात ‘शर्यत’ या अर्थी वापरलेला मूळ शब्द ‘स्टेडिऑन’ हा आहे, म्हणजे सहाशे ग्रीक फुटांची, आजच्या मापाने दोनशे मीटरच्या आतली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जाणारी धाव. करिंथकरांना हा शब्द वाचताना पायाखालची धूळ दिसली असेल. तिथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाला काहीच नसे, आणि पहिल्याला मिळे तो पानांचा मुकुट: कधी पाइनच्या डहाळ्यांचा, कधी वाळलेल्या सेलरीचा. ‘ते नाशवंत मुकुटासाठी’ असे पौल म्हणतो तेव्हा तो अलंकारिक बोलत नसून डोळ्यांनी पाहिलेली वस्तू सांगत असावा.

आता मुद्द्याचे. त्याच वाक्याचा पुढचा अर्धा भाग पाहा: ते नाशवंत मुकुटासाठी, ‘आपण तर’ अविनाशी मुकुटासाठी. इथे तो ‘मी’ म्हणत नाही, ‘तुमच्यापैकी जो पहिला येईल तो’ असेही म्हणत नाही, तर सरळ अनेकवचन वापरतो. तीमथ्याच्या पत्रात तर शंकेला जागाच उरत नाही, कारण धाव संपवल्याचे सांगून झाल्यावर लगेच पुढच्या वचनात नीतिमत्त्वाचा मुकुट केवळ मलाच नाही, तर प्रभूचे प्रगट होणे ज्यांना प्रिय आहे त्या सर्वांना मिळणार आहे, असे म्हटले आहे. (थडग्यांवर कोरणारे नेमके तिथेच थांबतात. दगड महाग असावा.) उपमेतून पौलाने खेळाडूचा इंद्रियनिग्रह घेतला आणि बक्षिसाची टंचाई मैदानातच सोडून दिली.

आणि हा निग्रह कशासाठी, हे आठव्या अध्यायापासून वाचल्याशिवाय कळत नाही. तिथे प्रश्न मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा चालला आहे. ज्यांची समज पक्की आहे ते म्हणतात, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग खायला काय हरकत? पौलाला त्यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, पण माझ्या खाण्याने माझा दुर्बळ भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असे तो म्हणतो. नववा अध्याय सगळा याच धर्तीवर पुढे जातो: मला मोबदला घेण्याचा हक्क आहे, तो मी सोडला, मी स्वतंत्र असून सर्वांचा दास झालो, दुर्बळांसाठी दुर्बळ झालो. इतके सांगून झाल्यावर धावणाऱ्याची उपमा येते. म्हणजे खेळाडू जसा जिंकण्यासाठी खाण्यापिण्यावर आणि सुखावर पाणी सोडतो, तसे तुम्ही मागे पडलेल्या भावासाठी स्वतःच्या हक्कांवर पाणी सोडा, हा त्या वचनाचा रोख आहे. ज्या उताऱ्याचा उपयोग आपण मुलांना एकमेकांच्या पुढे काढण्यासाठी करतो, तो मुळात पुढे असलेल्यांनी मागच्यांसाठी काय सोडावे याविषयीचा आहे. रविवार शाळेतल्या त्या स्पर्धेविषयी मी अधिक काही लिहीत नाही.

---

वसईचा_पळपुट्या यांचे उत्तर:

टोपणनावावर जाऊ नका, मी पळतो पण पळून जात नाही. आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे ही वचने मिस्साच्या वाचनांत येतात आणि त्यावर प्रवचन फादर करतात. मी फक्त रस्त्यावरचे सांगू शकतो.

मुंबई मॅरेथॉनची पूर्ण ४२.१९५ किलोमीटरची धाव मी दोनदा पूर्ण केली आहे. त्या मार्गावर परतताना, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, पेडर रोडची चढण लागते. एरवी टॅक्सीत बसून गेलो तर ती चढण आहे हे लक्षातही येणार नाही, पण त्या वेळी मांड्या दगडाच्या झालेल्या असतात, मिठाने कपाळ चरचरते, आणि ‘कोणी सांगितले होते’ हा एकच विचार डोक्यात असतो. पहिल्या वर्षी तिथे मी चालायला लागलो. रस्त्याच्या कडेला गळ्यात पदक घातलेला एक माणूस उभा होता. तो बहुधा अर्धी मॅरेथॉन संपवून परत आलेला असावा. माझ्या छातीवरच्या बिब क्रमांकाखाली छापलेले नाव वाचून त्याने मला नावाने हाक मारली, हातावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या आणि म्हणाला, “वरून उतार आहे, मी आत्ताच बघून आलोय.” इब्री बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला धावणाऱ्यांभोवती असलेला ‘साक्षीरूपी मेघ’ म्हणजे काय, हे मला त्या दिवसापर्यंत कळले नव्हते. मी त्यांना प्रेक्षक समजत होतो. पण साक्षी देणारा म्हणजे स्वतः पाहून आलेला माणूस, आणि त्याआधीच्या अकराव्या अध्यायात ज्या विश्वासणाऱ्यांची यादी आहे ते सगळे ही चढण चढून गेलेले लोक आहेत.

शर्यतीविषयी म्हणाल, तर त्या रस्त्यावरच्या हजारो लोकांपैकी जिंकण्यासाठी धावणारे मोजकेच, आणि ते आम्हाला दिसतसुद्धा नाहीत. बाकीच्यांना पदक पूर्ण करण्याबद्दल मिळते. करिंथच्या मैदानापेक्षा इब्री पत्रातली धाव याच्या जवळची वाटते, कारण तिथे ‘धीराने धावावे’ असा शब्द आहे, ‘जोराने’ नाही.

एक उदाहरण तुमच्या भाषणासाठी सुचवतो. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूचे नाव ख्रिस्ती सभांमध्ये नेहमी निघते, आणि गोष्ट नेहमी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपाशी संपते: शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने तो तीत उतरला नाही आणि मग चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच्या आदल्या वर्षी चारशे चाळीस यार्डांच्या एका शर्यतीत धक्का लागून तो पडला होता आणि सर्वांच्या मागून उठून जिंकला होता, हेही काही जण सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग अधिक मोठा वाटतो. तो मिशनरी म्हणून चीनला, आपल्या जन्माच्या देशात, परत गेला, युद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएन येथील छावणीत स्थानबद्ध केले, आणि तिथे तो अडकलेल्या मुलांना शिकवत असे, त्यांचे खेळ घेत असे. रविवारी मात्र खेळ घेत नसे. मग असे झाले की रविवारी मोकळी राहिलेली मुले आपापसांत हॉकी खेळायला लागली आणि खेळाचे रूपांतर मारामारीत झाले. तेव्हा पुढच्या रविवारी पंच म्हणून मैदानात लिडेल स्वतः उभा राहिला. ज्या रविवारसाठी त्याने ऑलिंपिकची शर्यत सोडली, तोच रविवार त्याने भांडणाऱ्या पोरांसाठी सोडला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुटकेच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीने तो त्याच छावणीत वारला. वय ४३. वर ग्रीक_वाचक यांनी हक्क सोडण्याविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना मला पॅरिस आठवले नाही, हा पंच आठवला.

(आमच्याकडे शनिवारी संध्याकाळची मिस्सा असते, म्हणून मॅरेथॉनचा रविवार निभावतो. प्रॉटेस्टंट मित्रांनी काय करावे यावर मी बोलणार नाही.)

---

निवृत्त_पाळक यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरीही मला एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. चाळीस वर्षांत या विषयावरची प्रवचने मी इतकी ऐकली आणि दुर्दैवाने केलीही आहेत, की त्यातली बरीचशी कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यांपुढे तशीच्या तशी करता आली असती: ध्येय ठरवा, भार टाका, मागे पाहू नका. देव त्यात केवळ शिट्टी वाजवायला उभा असतो. पौलाला हा धोका माहीत होता. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात, सोळाव्या वचनात, सर्व काही दया करणाऱ्या देवावर अवलंबून आहे असे तो लिहितो तेव्हा आधी ज्याला बाजूला सारतो त्याच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘धावणारा’ असाच शब्द आहे. स्वतःच्या आवडत्या उपमेला त्याने स्वतःच कुंपण घातले आहे.

तुमच्या आजीविषयी. भेटीला गेल्यावर अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी हा प्रश्न मलाही विचारला आहे, आणि पुष्कळ वर्षे मी ‘आत्म्याने धावायचे’ असे काहीतरी गुळमुळीत बोलून प्रार्थनेला सुरुवात करीत असे. मग एकदा एका आजीबाईंच्या खाटेशेजारी बसून इब्री बारावा वाचताना, पानच संपले नव्हते म्हणून, मी नेहमीच्या जागी न थांबता पुढे वाचत गेलो. पहिल्या वचनात धाव आहे. बाराव्या वचनात ‘गळालेले हात व लटपटणारे गुडघे’ आहेत. हे शब्द यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायातून आलेले आहेत, आणि ‘लटपटणारे’ यासाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो पक्षघाताने लुळ्या पडलेल्या अवयवासाठी वापरण्याच्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. त्यानंतर लगेच, पावलांसाठी सरळ वाटा करा, म्हणजे जे लंगडे आहे त्याचा सांधा निखळणार नाही, तर ते बरे होईल.

म्हणजे हे पत्र ज्यांना ‘धावा’ असे सांगते त्यांच्यातच लंगडणारेही आहेत हे लेखकाला ठाऊक आहे. तो त्यांना मैदानाबाहेर बसवत नाही. वाट नीट करण्याचे काम बाकीच्यांवर टाकतो. तरुण संघाला बोलणार आहात तर हे बोला. तुमच्या सभागृहाला पायऱ्या किती आहेत आणि तुमची आजी तिथवर कशी पोहोचणार, याची चौकशी भाषणाच्या आधी केलीत तर आणखी बरे.

---

केडगावची_लेक यांचे उत्तर:

पाळकसाहेबांनी आजींचा प्रश्न योग्य ठिकाणी नेला. मी भाषेची शिक्षिका आहे, तेव्हा एका शब्दाकडे लक्ष वेधते.

आपल्या शास्त्रात ‘धाव’ हे नाम आले, तेव्हा ते मराठीत रिकाम्या जागी येऊन बसले नाही. ‘धाव घालणे’ किंवा ‘धाव घेणे’ म्हणजे संकटात सापडलेल्याच्या मदतीला जाणे, आणि भक्तीच्या मराठीत ही धाव माणसाची नसून देवाची असते. चोखोबा ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद’ म्हणतात तेव्हा मार खाणारा भक्त जागच्या जागी आहे आणि पळायचे आहे ते देवाने. आजही कुणाच्या घरी प्रसंग ओढवला तर आपण ‘शेजारी धावून आले’ असेच म्हणतो. म्हणून ‘विश्वासाची धाव’ हा शब्दप्रयोग ग्रीक कानाला जसा लागतो तसा मराठी कानाला लागत नाही. आपल्याला ‘कोण कोणासाठी धावले?’ हा प्रश्न आधी पडतो.

आणि या प्रश्नाला शुभवर्तमानात उत्तर आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या गोष्टीत, बापाचा पैसा उडवून बसलेला उधळ्या मुलगा घरी यायला निघतो, तो चालत येतो. धावतो तो बाप. मुलगा अजून दूर आहे तोच त्याला पाहून बाप धावत जातो आणि त्याच्या गळ्यात पडतो. त्या काळच्या समाजात घरच्या कर्त्या, वयस्क पुरुषाने असे अंगरखा सावरीत धावणे शोभणारे नव्हते, असे भाष्यकार सांगतात. ते सांगण्याचीही गरज नाही: आपल्या गावातल्या एखाद्या धोतर नेसलेल्या पाटलाला भर दुपारी सगळ्यांदेखत रस्त्याने पळताना डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पुरे. मुलाने वाटेत पाठ केलेले भाषणसुद्धा बाप पुरते होऊ देत नाही.

फिलिप्पैकरांच्या तिसऱ्या अध्यायातही हेच आहे. ख्रिस्त येशूने मला आपल्या कह्यात घेतले म्हणून मी धावतो आहे, असे पौल तिथे म्हणतो. आधी पकडला गेला, मग धावू लागला. ग्रीक_वाचक, तिथल्या क्रियापदाविषयी मी काहीतरी वाचले होते, ते आपण सांगाल का?

---

ग्रीक_वाचक:

हो, आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. बाराव्या आणि चौदाव्या वचनांत ‘मागे लागतो’, ‘धावतो’ या अर्थी ‘दिओको’ हे क्रियापद आहे. त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात पौल ‘आस्थेविषयी म्हणाल तर मी मंडळीचा छळ करणारा’ असे म्हणतो, तिथेही हेच क्रियापद आहे, कारण ग्रीकमध्ये पाठलाग करणे आणि छळ करणे यांना एकच शब्द चालतो. ख्रिस्ताचा होण्याआधी ज्या पायांनी तो दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांना पकडायला निघाला होता, तेच पाय आता दुसऱ्या दिशेने धावत आहेत, आणि मधे काय घडले ते ‘कह्यात घेतला गेलो’ एवढ्या एका शब्दात आहे. मराठी भाषांतरात हे दिसणे शक्य नाही, त्यात भाषांतरकारांचा दोष नाही.

---

नगरचा_धावपटू:

सर्वांचे मनापासून आभार. पॅरिसचे सुवर्णपदक मी टिपणांतून काढले आणि छावणीतला पंच ठेवला. पायऱ्या मोजल्या: सात आहेत, कठडा एकाच बाजूला आहे आणि तो नेमका उजव्या बाजूला, म्हणजे आजीच्या निकामी हाताकडे. संघातल्या दोघांनी लाकडी उतार करून देण्याचे कबूल केले आहे. सुतारकाम मला जमत नाही, फळ्या आणून देणे जमेल.

काल रात्री आजीला इब्री बारावा तेराव्या वचनापर्यंत वाचून दाखवला. ‘लटपटणारे गुडघे’ ऐकल्यावर तिने परत वाचायला लावले आणि मग विचारले, “हे आधी का नाही वाचलंस?” लूक पंधरा आज वाचणार आहे.

एक बारीक शंका राहिली. वाळलेल्या सेलरीचा मुकुट म्हटले तर आमच्या मुलांना ती वस्तू डोळ्यांपुढे येणार नाही. काय म्हणावे?

---

केडगावची_लेक:

सेलरीला मराठीत अजमोदा म्हणतात, पण तो शब्दही मुलांना कळणार नाही. ती कोथिंबिरीच्याच कुळातली भाजी आहे. तेव्हा सभेला जाताना आठ दिवस फ्रीजमध्ये विसरलेली कोथिंबिरीची जुडी सोबत न्या आणि ‘यासाठी ते वर्षभर घाम गाळत’ असे म्हणून ती वर धरून दाखवा. जुडी कागदात गुंडाळून न्या, नाहीतर पिशवीला वास लागतो.